मोठ्या देशाने एकट्याने लढावं की चारचौघांना सोबत घेऊन?

प्रश्न असा आहे: "जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाने स्वतःच्या लष्करी ताकदीवर एकट्याने निर्णय घ्यावेत, की इतर देशांना बरोबर घेऊन चालावं? आणि बरोबर घेऊन चालणं म्हणजे दुबळेपणाच नाही का?" विचारणारी मुलगी नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करते. मी तिथे अधूनमधून शिकवायला जातो. तास संपता संपता पाच मिनिटांत काहीतरी सांगून वेळ मारून नेण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी तोफखान्यातला माणूस. नोकरीतली बरीच वर्षं देवळालीला आणि सीमेवर गेली, मध्ये काही काळ संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत कांगोत होतो. माझं मत असं की बलाढ्य देशाने इतरांना बरोबर घेऊनच चालावं. त्यात चांगुलपणाचा भाग थोडा, हिशोबाचा जास्त. एक अपवाद मी मानतो आणि तो आपल्याच इतिहासातला आहे. त्याच्याकडे पुढे येतो.

सहकार्यावर बोलणारे बरेच जण लष्करी ताकदीचा विषय निघाला की नाक मुरडतात. ते मला पटत नाही. दात नसलेल्या माणसाने चावणार नाही असं वचन दिलं तर त्याची किंमत शून्य. ९ नोव्हेंबर २०१८ला देवळालीत के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा लष्करात दाखल झाल्या. त्या आधी बोफोर्सनंतर जवळजवळ तीस वर्षं आपल्याकडे मोठी नवी परदेशी तोफ आलेली नव्हती. त्या काळात प्रत्येक सीमाचर्चेत आपली बाजू किती पोकळ वाटायची, हे आमच्या पिढीच्या तोपचींना चांगलं माहीत आहे. ताकद हवीच. (त्या दोन तोफांपैकी एक अमेरिकेची आणि दुसरीचं तंत्र दक्षिण कोरियाचं, हेही जाता जाता लक्षात ठेव. ताकदसुद्धा आता कोणी एकट्याने घडवत नाही.)

पण तोफखान्यात सुरुवातीलाच शिकवतात की तोफ जमीन भाजून काढते, राखत नाही. राखायला पायदळ लागतं. आणि पायदळाला रस्ता लागतो, पाणी लागतं, रेशन लागतं, आसपासच्या गावांचं निदान मौन तरी लागतं. यातलं काहीच तोफेने मिळत नाही. देशांचंही तेच. पहिल्या दिवसाचं काम ताकद करते. दहाव्या महिन्यापासून पुढे सगळं इतरांच्या राजीखुशीवर चालतं.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण इराक. एकच देश, एकच शत्रू, एकच महासत्ता, आणि बारा वर्षांच्या अंतराने दोन युद्धं. इतका चांगला जोडअभ्यास इतिहास क्वचितच हाती देतो.

ऑगस्ट १९९०मध्ये सद्दाम हुसेनने कुवेत गिळलं. अमेरिकेला तेव्हा अडवणारं कोणी नव्हतं, सोव्हिएत संघ मोडकळीला आला होता. तरीही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी आघाडी जमवण्यात साडेपाच महिने घालवले. २९ नोव्हेंबर १९९०ला सुरक्षा परिषदेत ठराव ६७८ झाला, बारा विरुद्ध दोन मतांनी, चीन तटस्थ. विरोधात मत देणाऱ्यांपैकी एक येमेन. त्याची अमेरिकी मदत लगेच बंद झाली, तेव्हा सहकार्य म्हणजे सगळे हसतमुखाने आले असं समजू नकोस. पण आले. इजिप्त आला, सीरियासारखा अमेरिकेचा वैरी आला. इस्रायलवर इराकी स्कड क्षेपणास्त्रं पडत होती तरी अमेरिकेने इस्रायलला उलट हल्ला करू दिला नाही, कारण तो उतरला असता तर अरब देश आघाडीत राहिले नसते. आपल्याकडे चंद्रशेखर यांचं सरकार होतं, आणि अमेरिकी लष्करी विमानांनी मुंबईतसुद्धा इंधन भरलं. त्यावरून देशात गदारोळ झाला तो वेगळा.

जमिनीवरची लढाई शंभर तासांत आटोपली. खर्च आला सुमारे ६,१०० कोटी डॉलर. त्यातले पाच हजार कोटींहून जास्त इतरांनी भरले: सौदी अरेबिया, कुवेत, जर्मनी, आणि एक सैनिक न पाठवता १,३०० कोटी डॉलर देणारा जपान. युद्ध अमेरिकेचं, आणि बिलाचा मोठा हिस्सा इतरांचा. मला विचारशील तर सहकार्याच्या बाजूने याहून ठोस युक्तिवाद नाही.

आता २००३. अमेरिका त्या वेळी १९९१पेक्षाही बलवान होती. ५ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत पुरावे मांडले, ते बहुतेकांना पटले नाहीत (पुढे ते खोटेच निघाले), आणि युद्धाला परवानगी देणारा नवा ठराव झाला नाही. वॉशिंग्टनने ठरवलं, नसेल तर नसू दे.

पहिला फटका युद्ध सुरू होण्याआधीच बसला, आणि तो शत्रूने दिला नाही. योजना अशी होती की अमेरिकेची चौथी पायदळ डिव्हिजन तुर्कस्तानातून उत्तर इराकमध्ये उतरेल. १ मार्च २००३ला तुर्की संसदेत मतदान झालं. बाजूने जास्त मतं पडली, पण आवश्यक बहुमताला थोडी कमी, म्हणून परवानगी नाकारली गेली. नाटोतला मित्रदेश, आणि जगातली सर्वांत सुसज्ज डिव्हिजन भूमध्य समुद्रात जहाजांवर ताटकळत. ते सामान शेवटी सुएझमधून वळसा घालून कुवेतला न्यावं लागलं. उत्तरेकडची मोठी आघाडी उघडलीच नाही. लष्करी महासत्तेलाही दुसऱ्याचं बंदर लागतं, दुसऱ्याचं आकाश लागतं. १९८६मध्ये लिबियावर बाँब टाकायला ब्रिटनहून निघालेली अमेरिकी विमानं फ्रान्स आणि स्पेनने वाट न दिल्यामुळे समुद्रावरून लांबचा फेरा मारून गेली होती. नकाशावर सरळ रेघ मारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

बगदाद तीन आठवड्यांत पडलं. म्हणजे पहिल्या दिवसाचं काम ताकदीने चोख केलं. मग २३ मे २००३ला अमेरिकी प्रशासनाने इराकचं सैन्य बरखास्त केलं. लाखो शिकलेले, हत्यारबंद, आता बेकार आणि अपमानित पुरुष रस्त्यावर आले. शेजारचे अरब देश त्या निर्णयात भागीदार असते तर कोणीतरी हात धरला असता, असं माझं मत आहे. एकट्याने चालणाऱ्याचा खरा तोटा हा असतो की त्याला वेळेवर "थांब" म्हणणारं कोणी शेजारी नसतं.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेने भारताकडे एक डिव्हिजन मागितली, सतराएक हजार जवान. दिल्लीत मोह मोठा होता. वाजपेयी सरकारने १४ जुलै २००३ला नकार दिला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, एरवी नाही. तेव्हा आमच्यातल्या काही जणांना वाटलं की संधी गेली. आज तसं म्हणणारा मला भेटत नाही. १९९१ला ज्या अमेरिकेच्या मागे जग पैसे घेऊन उभं होतं, तिने २०११पर्यंत इराकमध्ये सुमारे ८०,००० कोटी डॉलर घातले, बहुतांशी स्वतःचे, आणि साडेचार हजारांच्या जवळपास सैनिक गमावले. मेलेल्या इराकी माणसांचे आकडे लाखांत जातात.

इथे वर्गात कोणीतरी हमखास म्हणतं, "सर, ही अमेरिकेची गोष्ट झाली." म्हणून आपली सांगतो.

आपल्या आनंदवल्लीला गोदावरीकाठी राघोबादादा पेशवे राहायचे, हे नाशिककरांना ठाऊक असतं. त्याच राघोबादादांच्या मोहिमेत मराठी फौजा १७५८मध्ये अटकेपर्यंत पोहोचल्या. तेव्हा हिंदुस्थानात मराठ्यांसारखी दुसरी ताकद नव्हती. पण त्या स्वाऱ्यांतून घरी पैशापेक्षा कर्जच जास्त आलं, आणि मागे राहिले दुखावलेले राजे. जयपूरच्या गादीच्या भांडणात मराठ्यांनी आधी एकाची, मग दुसऱ्याची बाजू घेतली आणि दोघांकडून खंडणी मागितली. १७५०च्या डिसेंबरात ईश्वरीसिंहाने विष घेतलं. पुढच्याच महिन्यात जयपुरात उठाव होऊन हजारो मराठे कापले गेले. १७५४मध्ये सूरजमल जाटाच्या कुंभेरीला वेढा पडला, त्यात मल्हाररावांचा मुलगा खंडेराव गेला. प्रत्येक प्रकरणात मराठे आपल्या ताकदीच्या जोरावर बरोबरच होते. वसुली होत होती, मग कोणाला विचारायची गरज काय?

गरज काय ते १७६०मध्ये कळलं. अब्दाली उतरला तेव्हा सदाशिवरावभाऊंनी उत्तरेत हाका मारल्या. राजपूत घरी बसले. अवधचा शुजा आधी दोन्हीकडे बघत होता, रोहिल्यांचा सरदार नजीबखान याने त्याला अब्दालीकडे ओढला. सूरजमल बरोबर आला होता, त्याचा सल्ला होता की बायकामुलं आणि जड सामान मागे ठेवा आणि गनिमी काव्याने लढा. हा सल्ला मानला गेला नाही, आणि सूरजमल दिल्लीहूनच परत गेला.

तोपची म्हणून मला पानिपतातली एक गोष्ट फार टोचते. मराठ्यांच्या बाजूने लढणाऱ्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि त्याची कवायती पलटण अब्दालीच्या तोडीस तोड, किंबहुना सरस होती. १४ जानेवारी १७६१च्या सकाळी त्याने समोरच्या, अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. तोफा कमी पडल्याच नाहीत. कमी पडलं धान्य. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि छावणी उपाशी पडली. आसपासच्या शेकडो मैलांत दाणा पोहोचवणारा एक मित्र असता तर भाऊंना त्या दिवशी, त्या जागी, रिकाम्या पोटी लढावंच लागलं नसतं. सूरजमलाने नंतर पळून आलेल्या जखमी मराठ्यांना आसरा दिला, खाऊपिऊ घातलं. म्हणजे माणूस मदत करणारा होता. पण लढाईच्या दिवशी तो आपल्या बाजूला नव्हता. का नव्हता याचं उत्तर कुंभेरीपासून शोधायला लागतं.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, की हा दुबळेपणा नाही का. यासाठी भारताकडे बघ, कारण आपल्या शेजाऱ्यांच्या नजरेत "बलाढ्य देश" म्हणजे आपण. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव यांना अमेरिका दूर आहे, दिल्ली दाराशी आहे.

श्रीलंकेत आपण करार करून गेलो. २९ जुलै १९८७ला जयवर्धने आणि राजीव गांधी यांच्या सह्या झाल्या, म्हणजे कागदावर सहकार्यच. पण ज्यांच्यासाठी शांतिसेना गेली त्या तमिळांच्या लढवय्यांना तो करार मनापासून मान्य नव्हता, आणि ज्यांच्या देशात गेली त्या सिंहली जनतेलाही नव्हता. काही महिन्यांत आपण ज्यांची शस्त्रं जमा करायला गेलो त्यांच्याशीच लढत होतो. नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी निघा म्हटलं. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे १,२०० भारतीय जवान गेले होते. माझ्या ओळखीतले काही त्यात होते, त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच की सहकार्य म्हणजे दोन सह्या, असं समजणाऱ्याने जाफन्याचा अभ्यास करावा. त्याच काळात, नोव्हेंबर १९८८ला, मालदीवच्या राष्ट्राध्यक्षांनी भाडोत्री सैनिकांपासून वाचवा म्हणून हाक दिली. आग्र्याहून छत्रीधारी जवान गेले, एका रात्रीत काम झालं, बहुतेक जण लवकर परतही आले. फौज तीच, पण इथे बोलावणं खरं होतं आणि काम नेमकं होतं.

पण मला दुबळेपणाच्या प्रश्नावर सर्वांत आवडणारं उदाहरण लढाईचं नाहीच. बंगालच्या उपसागरातली हद्द कुठे, यावरून भारत आणि बांगलादेशाचं चाळीस वर्षं जमत नव्हतं. नौदल आपलं मोठं. आपण म्हणालो असतो, ही रेघ, आणि ती राहिली असती. प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं. ७ जुलै २०१४ला निकाल आला: वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला. दिल्लीने निकाल मान्य केला, आदळआपट केली नाही. निफाड-दिंडोरीकडच्या कोणालाही विचार, बांधावरून भांडण असताना गावातल्या बड्या बागायतदाराने सरकारी मोजणी कबूल केली आणि खुणा आपल्या विरोधात पडल्या तरी दगड हलवला नाही, तर गावात त्याचा दबदबा वाढतो की कमी होतो?

पुढच्याच वर्षी संसदेने एकाही विरोधी मताशिवाय शंभरावी घटनादुरुस्ती केली आणि ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री एकमेकांच्या पोटात अडकलेल्या वस्त्यांची अदलाबदल झाली. आपल्या १११ तिकडे गेल्या, त्यांच्या ५१ इकडे आल्या. एकरांत मोजलं तर आपण १७,१६० दिले आणि ७,११० घेतले. वरवर तोट्याचा सौदा. पण त्या वस्त्यांवर आपली सत्ता कागदावरचीच होती. तिथली माणसं ना मतदार होती ना कोणाची नागरिक, आणि त्या बदल्यात चार हजारांहून जास्त किलोमीटरच्या सीमेवरचा जुना वाद मिटला. त्यानंतरच्या काही वर्षांत बांगलादेशाशी रेल्वे, वीज, नदीमार्ग यांवर जे झालं त्याचा पाया इथे आहे. ढाक्यात २०२४मध्ये सत्तापालट झाल्यावर संबंध बिघडले हे खरं. तरी सागरी हद्दीचा प्रश्न पुन्हा उभा राहिलेला नाही. नियमाने मिटलेलं भांडण सरकार बदललं तरी मिटलेलं राहतं.

याच्या उलट त्याच २०१५च्या सप्टेंबरात नेपाळच्या सीमेवर ट्रक अडकले. आपलं म्हणणं होतं की नेपाळच्या नव्या संविधानावर नाराज मधेशी (नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट भागातल्या) आंदोलकांनी वाट अडवली आहे. काठमांडूत मात्र प्रत्येक घरात, गॅस सिलिंडर नसलेल्या प्रत्येक स्वयंपाकघरात, ती भारताची नाकेबंदी होती, आणि तीही भूकंपानंतर पाचच महिन्यांत. मार्च २०१६मध्ये पंतप्रधान ओली बीजिंगला जाऊन चीनच्या बंदरांमधून माल आणण्याचा करार करून आले. एकही गोळी न झाडता आपण एका शेजाऱ्याला पर्याय शोधायला लावलं. मोठ्या देशाची ताकद अशीही वापरली जाते, म्हणून "लष्करी" या एका शब्दावर तू फार अडू नकोस.

आता अपवाद. १९७१.

पूर्व पाकिस्तानात कत्तल सुरू होती, एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्याकडे आले होते. जगाने काय केलं? ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि माघारीच्या बाजूने १०४ मतं पडली, आपल्या बाजूने ११. जगाची संमती हा एकमेव निकष लावला असता तर बांगलादेश झालाच नसता. सहकार्याची वाट बघणं कधीकधी प्रेतं मोजत बसणं असतं. १९९४ला रवांडात हेच घडलं: कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने तिथली अडीच हजारांची शांतिसेना वाढवायच्या ऐवजी २७० माणसांवर आणायचं ठरवलं, आणि शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. "सगळ्यांचं एकमत होऊ दे" म्हणणाऱ्यांनी रवांडाचं उत्तर दिलं पाहिजे, आणि बहुतेक जण देत नाहीत.

मग १९७१ आणि २००३ यांत फरक काय? दोन्हीकडे मोठा देश जगाला न जुमानता गेला. माझ्या मते फरक आधी आणि नंतर बघितला की दिसतो. आधी: इंदिरा गांधींनी ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार केला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ब्रसेल्स, व्हिएन्ना, लंडन, वॉशिंग्टन, पॅरिस, बॉन अशा राजधान्या पालथ्या घातल्या. सगळी दारं ठोठावून झाली होती, आणि ज्यांच्यासाठी लढायचं ती माणसं स्वतः मुक्तिवाहिनी म्हणून लढत होती. नंतर: १६ डिसेंबरला शरणागती झाली, ९३,००० युद्धकैदी आपल्या हाती होते, आणि मार्च १९७२मध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून बाहेर. तीन महिन्यांत. जिंकलेल्या देशातून इतक्या लवकर आणि स्वतःहून बाहेर पडणारी फौज लष्करी इतिहासात फार सापडत नाही. एकट्याने जायची वेळ आलीच, तर परतीची तारीख जवळची हवी. इराकमध्ये ती नव्हती.

कारगिल हे या दोन्हींच्या मधलं, आणि मला ते सर्वांत शिकवणारं वाटतं. १९९९ला आम्ही अडीच लाखांच्या आसपास गोळे आणि रॉकेटं डागली. ताकद वापरण्यात कसर केली नाही. पण ताबारेषा ओलांडायची नाही हा हुकूम पाळला गेला, वायुदलालाही. खाली उभं राहून वर चढणाऱ्या पोरांना तो हुकूम किती महाग पडला हे मी कमी लेखणार नाही. ५२७ जवान गेले. पण त्या हुकुमामुळे आक्रमक कोण यावर जगात वाद उरला नाही. ४ जुलैला टायगर हिल परत आली आणि त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये नवाझ शरीफ यांना माघार कबूल करावी लागली. तोलोलिंग आणि टायगर हिल पायदळाने आणि तोफांनी घेतली. बाकीची काही शिखरं त्या संयमामुळे आणखी कमी रक्तात मोकळी झाली.

सहकार्य प्रत्यक्षात कसं दिसतं तेही सांगायला हवं, नाहीतर पुस्तकं वाचून गैरसमज होतो. ते कंटाळवाणं असतं. कांगोत मी निःशस्त्र लष्करी निरीक्षक होतो. एका टेबलावर उरुग्वे, सेनेगल, बांगलादेश, पाकिस्तान आणि आपण. (पाकिस्तानी मेजरशी सर्वांत लवकर जमलं, कारण चहा कसा करायचा यावर आमचं एकमत होतं.) अर्ध्यांना फ्रेंच येत नाही, अर्ध्यांना इंग्रजी. एखाद्या तुकडीने रात्री पुढे सरकावं असं ठरलं की तिचा कमांडर आधी स्वतःच्या राजधानीला फोन करणार. अमुक देशाची हेलिकॉप्टरं अंधारात उडणार नाहीत, तमुक देशाचे जवान ठरावीक हद्दीपलीकडे जाणार नाहीत. एका देशाची पलटण जे सकाळी करील त्याला तिथे दोन दिवस लागत. एकट्याने जाण्याचा मोह कुठून येतो, हे त्या टेबलावर बसलेल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. तरी संयुक्त राष्ट्रांच्या त्या निळ्या टोपीला पाहून ज्या वाटांवरची फाटकं उघडायची, ती कोणत्याही एका देशाच्या झेंड्यापुढे उघडली नसती.

आणि नाशिकचा याच्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर पिंपळगावच्या कोणत्याही द्राक्ष निर्यातदाराकडे जा. इथली द्राक्षं रिफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमधून न्हावा शेव्याहून युरोपात जातात, वाट एडनच्या आखातातून आणि सुएझमधून. २००८नंतर तिथे सोमाली चाचे माजले होते. सुरक्षा परिषदेच्या ठरावाने, सोमालियाच्या सरकारच्या संमतीने, डझनावारी नौदलं तिथे उतरली. अमेरिका, युरोपीय देश, आणि २०१२पासून जहाजांच्या ताफ्यांचं वेळापत्रक एकमेकांशी जुळवून घेणारे भारत, चीन, जपान. भारत आणि चीन, हो. सोमाली चाच्यांच्या हल्ल्यांची नोंद २०११मध्ये २३७ होती, २०१३मध्ये १५. कोणा एकाचा विजय नव्हता म्हणून त्याचा कुठे जल्लोषही झाला नाही.

नोव्हेंबर २०२३पासून त्याच वाटेवर येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले. अमेरिकेने आघाडी बांधायचा प्रयत्न केला, पण गाझाच्या युद्धामुळे अनेक देशांना तिच्या झेंड्याखाली दिसायचं नव्हतं. युरोपने आपली मोहीम वेगळी काढली, आपल्या नौदलाने आपल्या परीने वेगळी गस्त घातली. जानेवारी २०२४पासून अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर बाँब टाकले, मार्च ते मे २०२५ अमेरिकेने पुन्हा जोरात टाकले, आणि शेवटी ओमानच्या मध्यस्थीने थांबले. जुलै २०२५मध्ये हूथींनी आणखी दोन जहाजं बुडवली. या सगळ्या काळात द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जात होते, दोनएक आठवडे जास्त, आणि द्राक्ष हे काही थांबणारं फळ नाही. हूथी सोमाली चाच्यांपेक्षा कितीतरी जास्त सुसज्ज आहेत, त्यांच्यामागे इराण आहे. तेव्हा ही दोन प्रकरणं अगदी सारखी नाहीत. पण २०२४ साली लष्करावर सुमारे एक लाख कोटी डॉलर, म्हणजे साऱ्या जगाच्या लष्करी खर्चाच्या एक तृतीयांशाहून जास्त, खर्च करणारा देश एक समुद्री वाट एकट्याने सुरक्षित करू शकला नाही, हे निफाडच्या शेतकऱ्याने स्वतःच्या हिशोबाच्या वहीत पाहिलं आहे.

परीक्षेत हा प्रश्न आला तर एक सुचवतो. सगळं उत्तर अमेरिकेवर लिहू नकोस. गंगेच्या पाणीवाटपाचा भारत-बांगलादेश करार १२ डिसेंबर १९९६ला तीस वर्षांसाठी झाला, त्याची मुदत डिसेंबर २०२६ची. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याची दारं आपल्या हातात आहेत. जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत ती किती उघडायची हे ठरवायला करार नसेल तर आपल्याला कोणाला विचारायची सक्ती नाही. नदीच्या खालच्या अंगाला असलेला बांगलादेश २०२४नंतर आपल्यावर रुसला, आणि ब्रह्मपुत्रेवर आपण स्वतः चीनच्या खाली आहोत. अर्धं पान इराकवर लिही, अर्धं फराक्क्यावर.